शिडी आमच्याकडे, खिडकी त्यांच्याकडे

आमच्या अकोल्याच्या घरी, जठारपेठेत, मागच्या भिंतीला एक शिडी टेकवलेली असे. सागाची, नऊ पायऱ्यांची, चांगली दणकट. ती आमची नव्हती, शेजारच्या वामनरावांची होती. पाहुणे विचारत, "शेजाऱ्याची शिडी तुमच्या घरी काहून?" तेव्हा माय म्हणे, "मोठी गोठ हाये बाप्पा, च्या घ्या आधी." ती मोठी गोष्ट आता मीच सांगते. माय गेली, बाबा गेले, वामनराव तर कधीच गेले. वामनराव असते तर त्यांनी मला हे सांगू दिलं नसतं. "कोनाले सांगून राह्यली? काहून? त्यात तुहा फायदा काय?" असे तीन प्रश्न आधी विचारले असते आणि तिन्ही उत्तरांवर विश्वास ठेवला नसता.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि गावाचा सगळा जीव कापसात होता. वामनराव एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, रुईची पारख करत. सरकी काढलेल्या रुईची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायची, धागा किती लांब येतो ते बघायचं, मग रंग बघायचा आणि कुठला माल कुठल्या ढिगावर जाईल ते सांगायचं. पावसात भिजलेली रुई किंचित पिवळी पडते, कवडी, म्हणजे किडलेला कापूस, चांगल्या कापसात मिसळून आणली जाते, आणि हे सगळं लपवायला लोक काय काय करतात ते त्यांना पाठ होतं. तीस वर्षं माणूस रोज फसवणूकच शोधत राहिला तर घरी आल्यावर दुसरं काय शोधणार? सगळी जठारपेठ त्यांना पारखीभाऊ म्हणायची.

"मिळवट हाये" हा त्यांचा शब्द. भेसळीला म्हणत, पण नुसत्या भेसळीला नाही. दूध अंगठ्याच्या नखावर टाकून बघत, साखर दोन बोटांत चुरत, आणि कुणी त्यांची स्तुती केली तर ती अशीच दोन बोटांत चुरून बघत. एकदा जिनातला गोरा साहेब त्यांच्या कामावर खूश होऊन हसला आणि पाठीवर हात ठेवून गेला. वामनराव दोन दिवस जेवले नाहीत. "येवढं हासाले काय झालं त्याले? मालात काही दिसलं असन, मलेच दिसलं नाई." त्यांची बायको, आमची काकू, भारी हसरी बाई. ती सांगायची, "लग्नाच्या मांडवात यायनं मह्या मंगळसूत्राचे मनी नखानं खरडून पायले. अंतरपाट धरनारा भटजी पायतच राह्यला." काकू हे सांगताना वामनराव तिच्याकडेही संशयानंच बघत, की ही रोज रोज हेच का सांगते.

पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय उजेडावर होता. हे मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. दिव्याचा उजेड त्यांना चालत नसे, कारण दिवा सगळ्यालाच गोरं करतो. सकाळचं ऊन लाल, दुपारचं डोळे दिपवणारं, संध्याकाळचं तर पक्कं लबाड. "उत्तरेचा उजेड तेवढा खरा," ते म्हणत. "त्याले ना कोनाची भीड, ना कोनाचं देनं." जिनात रुई बघायच्या खोलीला म्हणूनच उत्तरेकडून उंचावर काचा होत्या.

आता त्यांच्या खोलीचं सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मुखवटे घरोघरी पिढ्यान्‌पिढ्यांचे, मातीचे, आणि रंग उडाला की ते रंगवून घ्यायचे. एका वर्षी काकूच्या महालक्ष्म्या कुण्या रंगाऱ्यानं गुलाबी करून दिल्या. वामनराव त्यांच्यासमोर पानावर बसले आणि उठले. "हे तोंड मिळवट हाये," म्हणाले. पावसाळ्यात जिन बंद असे. त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच घासून मुखवट्यांचा रंग काढला आणि नवा दिला. मी लहान होते, पण ते तोंड मला आठवतं. गोरं नाही, सावळं नाही, चुलीजवळून नुकतीच उठून आलेल्या बाईचं असतं तसं. पुढच्या श्रावणात पेठेतल्या चार घरचे मुखवटे त्यांच्याकडे आले, त्याच्या पुढच्या श्रावणात पंधरा घरचे.

मुखवटा घेताना ते मालकिणीला आतल्या बाजूला गेरूत बुडवून अंगठा उठवायला लावत. "मंग म्हनू नका, पारख्यानं बदलला." बायका लाजत म्हणत, "आमचा भरोसा हाये जी तुमच्यावर." त्यावर ते चिडत. भरोसा आहे म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना सगळ्यात जास्त संशय येई.

ओसरीवर मुखवटे रंगवणं त्यांना जमेना. एक तर उजेड दक्षिणेचा, दुसरं म्हणजे येणारा-जाणारा तोंड घालतो. मग एका वैशाखात त्यांनी घराच्या मागं, आमच्या बाजूला, एक खोली बांधायला काढली. कशाला, ते कुणालाच सांगितलं नाही. गवंड्यालासुद्धा रोजच्या रोज तेवढंच सांगत, आज एवढी भिंत. काचा आणायला स्वतः अमरावतीला गेले. तिथल्या दुकानात खिशातून रुईचा पेळू काढला आणि एकेक काच त्यावर धरून बघत बसले, हिरवी झाक मारते का म्हणून. दुकानदार म्हणाला, "खिडकीले लावाच्या का चष्म्याले?" वामनराव दुसऱ्या दुकानात गेले. चार काचा रुईत गुंडाळून मांडीवर घेऊन आगगाडीनं परत आले, आणि बडनेऱ्याला कुणी शेजारी बसायला आला की त्याच्याकडे असं बघत की तो दुसरीकडे जाई. हे त्यांनी स्वतः काकूला सांगितलं, काकूनं मायला.

भिंत पुरी झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं, की खिडकी आमच्या मागच्या अंगणावर उघडते. मध्ये फक्त एक बोळ. आणि अंगणात आमची न्हाणी, बांबूच्या तट्ट्यांची, वरून उघडी. दादाचं लग्न त्याच वर्षी झालेलं. रुख्मावहिनी घरात येऊन महिना झाला होता.

आम्ही माळी. बाबांची मोर्णा नदीच्या काठाला वाडी होती, वांगी, मेथी, शेवंती. माणूस सरळ, पण अब्रूच्या बाबतीत फार हळवा. ते तडक बोळात गेले.

"पारखीभाऊ, खिडकी बुजवा."

"काहून?"

"आमच्या घरी नवी सून हाये. तुमाले दुसऱ्या कडेची भिंत दिसली नाई?"

दुसरा कुणी असता तर त्यानं सांगितलं असतं, बाबा रे, मला उत्तरेचा उजेड पाहिजे. वामनरावांनी बाबांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बोळीची जागा पायजे नं तुले? मंग तसं सांग सरळ. सुनेले कशाले मधात घेतो?"

झालं. दोघांचं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी बाबांनी आमच्या बाजूनं दोन बांबू रोवले आणि खिडकीसमोर जाड बारदान ताणून बांधलं. वामनरावांनी ते काढलं नाही की शिवीही दिली नाही. पेठेत मात्र कुजबुज सुरू झाली. खोलीला आतून कडी असते म्हणे. काकूलाही आत येऊ देत नाहीत म्हणे. बायका पाणी भरताना वहिनीकडे बघत आणि बोलणं थांबवत. वहिनी पहाटेच आंघोळ उरकू लागली, तीही लुगड्यासकट. मला तेरावं लागलं होतं. मी तट्ट्याच्या फटीतून त्या खिडकीवर पाळत ठेवून असे. काय सापडेल असं वाटत होतं कोण जाणे, पण सापडावं असं फार वाटत होतं, हे कबूल करते.

श्रावण लागला. आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे भांडणाच्या आधीच वामनरावांकडे गेले होते. एक दिवस काकू मागच्या दारानं आली आणि पहिल्यांदाच रडताना दिसली. "पंधरा घरच्या लक्ष्म्या तशाच पडल्या हायेत वैनी. अंधारात यायले रंग दिसत नाई, आन् दिसल्याबिगर हे हात लावत नाई. लोकाईले काय तोंड दाखवू?" महालक्ष्म्यांना दोन आठवडे उरले होते. माय बाबांना म्हणाली, "मी पाहून येतो."

मी मायच्या मागं मागं गेले. दार उघडलं आणि वामनराव पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"वैनी, तुमचं लुगडं लाल हाये. दारातच उभ्या राहा."

माय जागच्या जागी थिजली. मग त्यांनीच कुरकुरत सांगितलं, की लाल कपड्याचा रंग मुखवट्याच्या गालावर पडतो आणि डोळ्याला फसवतो. मी दारातून खोली बघून घेतली. भिंतींना चुन्यात राख कालवून पोतेरा दिलेला, कारण पांढरी भिंत रंगात लुडबूड करते. जमिनीवर एक पाट, करवंट्यांमध्ये रंग, ओळीनं ठेवलेले पंधरा जोड मुखवटे, डोळे नसलेले. एका भिंतीवर निळ्या कागदावर रुईच्या चिमटी लावलेल्या, पहिली पांढरीशुभ्र, शेवटची पिवळसर. दुसरं काही नाही. मला वाईट वाटलं, इतकी निराशा झाली.

मायनं मात्र सोडलं नाही. ती लाल लुगड्यासकट आत गेली आणि खिडकीखाली उभी राहिली. खिडकीची खालची कड तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. तिथून कडुनिंबाचा शेंडा आणि बारदानाची किनार दिसत होती, बाकी आभाळ. वामनराव उंच माणूस, पण त्यांनाही तेवढंच दिसलं असतं. मी म्हटलं, आता माय माफी मागणार. मायनं वर बघितलं, कोपऱ्यातल्या शिडीकडे बघितलं आणि म्हणाली,

"आन् शिडीवर चढले त?"

वामनरावांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. माणूस खुलला. कुणीतरी आपल्याच भाषेत बोललं असं त्यांना वाटलं असावं.

"हां! हा सवाल बराबर हाये," ते म्हणाले. "येवढ्या दिवसात कोनंच इचारला नाई हा." त्यांनी शिडी उचलली, खांद्यावर घेतली, बोळ ओलांडून आमच्या मागच्या भिंतीला आणून टेकवली. खोलीतलं स्टूलही आणून दिलं. "हे तुमच्या घरी राहीन. काच पुसाची असली का मागून नेईन, तुमचं मानूस संग पाठवा. मह्या खोलीत आता उंच काही नाई. पाहून घ्या."

बाबा संध्याकाळी जाऊन पाहून आले. बारदान काढलं, पण शिडीच्या दोन्ही पायांभोवती चुन्यानं खुणा करून ठेवल्या, हलली तर कळावी म्हणून. वामनरावांना ते दिसलं, आणि त्या दिवसापासून बाबांबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. माझ्या मायला तर ते पेठेतली एकटी शहाणी बाई समजू लागले.

मग ते नेमानं सुरू झालं. दर पंधरवड्याला वामनराव मागच्या फाटकाशी येऊन म्हणत, "शिडी." दादा नाहीतर मी सोबत जायचो. बोळात शिडी लावून चढण्याआधी ते मोठ्यांदा ओरडत, "चढून राह्यलो!" न्हाणीत वहिनी असली तर आतून ओरडे, "थांबा जी!" मग ते शिडीच्या तळाशी, आमच्या घराकडे पाठ करून, ती बाहेर येईपर्यंत उभे राहत. काच पुसून झाली की शिडी परत चुन्याच्या खुणांवर. अशी पाच-सहा वर्षं गेली. त्या खोलीतून पेठेतल्या कितीतरी लक्ष्म्या तोंड घेऊन बाहेर पडल्या.

माझं लग्न अमरावतीला झालं, राजापेठेत. श्रावणात माहेरी येत असे. लग्नानंतरच्या तिसऱ्या श्रावणात आले तर माय म्हणाली, "पारखीभाऊ आजकाल रोज शिडी मांगते." रोज काच पुसायची. पुसून झाली की खाली उतरून आत जायचं, वर बघायचं आणि पुन्हा बाहेर यायचं. एके दिवशी त्यांनी बाबांना स्पष्टच विचारलं, "काचेले कोनी हात लावते का रे? तेल, हळद, असं काही?" बाबांना फार लागलं. एवढी वर्षं शिडी आपल्या दारात, म्हणजे संशय आपल्यावरच. वामनरावांनी चारही काचा बदलल्या. नव्या काचाही पिवळ्याच निघाल्या. अमरावतीचा दुकानदार लबाड ठरला, मग रंगवाला, मग जिनाचा मालक, कारण त्या हंगामात त्यांनी चांगली रुई पिवळी म्हणून बाजूला काढली आणि जिनातून त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं होतं.

आमच्या ज्येष्ठेचा मुखवटा रंगून आला. मायनं फडकं सोडलं. तोंड पांढरंफटक, निळसर. वहिनी हळूच मायला म्हणाली, "आत्याबाई, लक्ष्मी आजारी दिसते." मायनं मुखवटा पुन्हा फडक्यात बांधला आणि माझ्याकडे बघितलं. "तू जाय रुख्मा. शेवंता येईन संग. शिडी बी न्या, आन् काच तूच पूस. आपल्याच मानसानं त्यायच्यासमोर पुसली म्हंजे त्यायचा संशय त जाईन."

वहिनी त्या खोलीत कधीच गेली नव्हती. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती शिडीवर चढली, आतून काच ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. त्या खिडकीतून आपली न्हाणी तिला त्या दिवशी दिसली असणार. 

"पुसली?" वामनरावांनी खालून विचारलं.

"पुसली जी."

"आनखीन पूस. पिवळी हाये."

"साफ हाये मामाजी. आभाळ दिसते."

 ते भिंतीवरच्या निळ्या कागदाकडे गेले. "खाली ये. हे पयलं सांग, कसं हाये?"

"पांढरं."

"दुसरं?"

"जरासं पिवळं. तिसरं त्याच्याऊन पिवळं."

"तुले कोनं शिकवून पाठोलं?"

वहिनीनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी सगळ्या चिमटी काढल्या, आमच्याकडे पाठ करून मिसळल्या, पाटावर टाकल्या आणि मला बाहेर पाठवलं. "लाव ओळीनं." वहिनीनं लावल्या. मग तिला बाहेर पाठवून त्यांनी चिमटी पुन्हा मिसळल्या आणि मला आत बोलावलं. मी लावल्या. ते वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघत होते, पण त्यांना ओळ दिसत नव्हती, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. त्यांनी बोटांनी चाचपून धाग्यांवरून ओळखल्या. माझी ओळ तीच होती, जी वहिनीची होती.

वहिनीही आत आली आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाहेर श्रावणातलं ढगाळ आभाळ, त्यांना आवडायचं तसं.

"मंग मिळवट माह्यातच हाये," वामनराव म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माल तपासून झाल्यावर जिनात सांगत असतील, तसं सांगितलं. मला रडू आलं आणि त्यांना दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं. मग आठवलं, त्यांना नाही तरी दिसलं नसतं.

त्यांनी पाटावर बसून ज्येष्ठेचा मुखवटा मांडीवर घेतला. "रुख्मा, बस. तू रंग सांग, मी लावतो." दोन दिवस वहिनी त्या खोलीत बसून सांगत होती, थोडा गेरू, नाही जास्त झाला, आता बरोबर. दार उघडं. काकू ओसरीवर तांदूळ निवडत होती. मुखवटा झाला तेव्हा त्यांनी तो उलटा केला. आत मायचा अंगठा होता. "रंग तुहा हाये. तुहा बी अंगठा लाव." वहिनीनं लावला. दोन्ही अंगठे त्या मुखवट्यात अजून आहेत.

हे सगळं कळलं तेव्हा बाबा संध्याकाळी स्वतः शिडी खांद्यावर घेऊन गेले आणि त्या खोलीत टेकवून आले. "आता तुमच्यापाशीच राहू द्या पारखीभाऊ. झालं गेलं." घरी येऊन ते नीट जेवले. मलाही वाटलं, चला, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला निघाले होते. मागच्या अंगणात तोंड धुवायला गेले तर बोळातून काहीतरी खरडत येण्याचा आवाज. वामनराव शिडी ओढत आणत होते. पाय आधी पुढं सरकवून, जमीन चाचपून, मग एक पाऊल.

"काहून आनली काका? बाबांनी सोतःच देली होती नं?"

"म्हनूनच आनली." ते धापा टाकत होते. "मी आंधळा होऊन राह्यलो, म्हनून सोडलं तुह्या बापानं. हा भरोसा नाई शेवंते, ही कीव हाये. मले दिसत होतं तवा देली असती, त मानली असती."

मी शिडीचं दुसरं टोक धरलं. 

शिडी भिंतीला टेकवून त्यांनी पायानं जमिनीवर काहीतरी शोधलं. "चुन्याच्या निशान्या कुठी हायेत? त्यायच्यावरच ठेव. तुह्या बापाले म्हन, पायऱ्या मोजून घे. नऊ हायेत." मी वाकून शिडीचे पाय खुणांवर बसवले. त्यांनी हात लावून ती हलत नाही याची खात्री करून घेतली. मग आमच्या भिंतीवर एक हात ठेवून, त्या हातानं वाट विचारत, ते बोळातून परत गेले. दारात टांगा येऊन उभा होता, माय आतून हाक मारत होती.